हातात नेऊन द्यायचा फोटो

पेण, ६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. स्पृहास,

'सौ.' हातातून आपोआप गेलं. सुनेला पत्र लिहायची जुनी रीत. खोडलंय, पण दुसरा कागद घेत नाही. तू काय आणि मी काय, असल्या गोष्टींचं आता दोघींनाही काही वाटेनासं झालंय.

तुझा मेसेज मिळाला. 'कॅमेरा माझा आहे, नागपूरला पाठवा.' नमस्कार नाही, कशा आहात नाही. मी उत्तर टाकलं की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सगळं सामसूम. म्हणून पत्र. पत्र वाचलंस की नाही हे मला कळत नाही, ते एक बरं असतं.

कॅमेरा तुझाच आहे. तुझ्या पहिल्या बोनसमधून तू लग्नाआधी अनयला घेऊन दिलेला. माझा मुलगा गेला म्हणून तुझी वस्तू माझी झाली, असं मी कधी म्हटलेलं नाही. पण आत्ता तो घरात नाही. यंदा तो पूजाकडे आहे. वरच्या खोलीत राहते ती.

वरच्या खोलीचं तुला एकदा फोनवर सांगू पाहिलं होतं, तू ऐकून घेतलं नाहीस. पुन्हा सांगते. तू नागपूरला गेल्यावर काही महिन्यांनी रोह्याचा जितेश आला. अनयच्या गाडीवर मागे बसून हिंडायचा तो. लग्नांचे व्हिडिओ काढून विटलेला, बातमीचे फोटो काढायची हौस दांडगी, आणि हातात काच तडकलेला मोबाईल. मी कपाटातून कॅमेरा काढून त्याला दिला. का दिला ते सांगता येणार नाही. लेन्सला बुरशी लागली असती, पेणची हवा तुला ठाऊक आहे. जितेश आता मुंबईत पेपरात आहे. त्याच्यानंतर गागोदे बुद्रुकची ऋतुजा येऊन राहिली, आणि आता पूजा. एका वर्षाला एक. खोली, दोन वेळचं जेवण, अनयचा कॉम्प्युटर आणि हा कॅमेरा.

नियम दोनच, आणि तेही अनयचे. ज्याचा फोटो काढायचा त्याचं नाव विचारायचं. आणि फोटो छापून त्याच्या हातात नेऊन द्यायचा. तुला आठवत असेल, पेपरासाठी फोटो काढताना कुंडलिकेच्या पुरात उभा राहून नावं विचारत होता तो, आणि पोलीस त्याला ओरडत होते. त्याच्या खणात द्यायची राहून गेलेली पाकिटं होती, वर नाव, गाव घातलेली. नवीन पोर आलं की आधी त्यातली चार पोचवून यायची, मग कॅमेरा गळ्यात. आता खणात दोनच उरलीत.

त्या वेळी फोनवर तू म्हणालीस, "आई, तुम्ही दुसऱ्यांची पोरं मरायला पाठवताय." फोन मी नाही ठेवला, तू ठेवलास. मला राग आला असता तर बरं झालं असतं. मी आमटीला फोडणी दिली.

पूजाचं वर्ष जूनमध्ये संपेल. तोवर थांब.

— आई (अजून म्हणत असशील तर)


पेण, १७ नोव्हेंबर २०२४

स्पृहा,

'ही पूजा कोण, कुठली?' असं विचारलंस. तीन वर्षांत तू मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मुलगी खाडीकडची आहे. बाप मिठागरात कामाला. वडखळहून आत वळलं की जिथे अनय चिंबोऱ्या खाऊन यायचा आणि मला 'डाळभात खाल्ला' म्हणून सांगायचा, तिथली. बोलते मोजकं, खाते भरपूर. तुला एवढं पुरे.

दिवाळीच्या उधाणाला तिच्या गावाचा बांध फुटला. खांड पडली म्हणतात ते लोक. कापणीला आलेल्या भातात खारं पाणी. पूजा दोन दिवस तिथेच होती. फोटो पाठवला, जिल्ह्याच्या पानावर चार कॉलम छापून आला. कंबरभर पाण्यात तिची काकी भाताचा भारा डोक्यावर धरून उभी. आणि खाली काय? 'छाया : संग्रहित'.

मी लावला फोन. म्हटलं, "संग्रहित हे कुणाचं नाव? आडनाव काय त्यांचं?"

पेपरातल्या मुलाने आवाज ओळखला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही मला सातवीला मराठीला होतात."

म्हटलं, "दिवे लावलेस ते दिसतायत. उद्या तिचं नाव छाप."

छापलं. या कामात माझा उपयोग एवढाच. पोरं नवी असतात, छापून आलं यातच हरखतात. भांडायला एक म्हातारी मास्तरीण लागते.

आणखी एक सांगायचं होतं. खणातलं एक पाकीट धाटावच्या नाथाचं होतं. कारखान्यांची शिफ्ट सुटायच्या वेळी नाक्यावर चहा विकायचा तो. पूजा घेऊन गेली तर नाथा पावसाळ्यातच गेलेला. भिंतीवर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलेला. तोंड ओळखू येत नाही, नुसतं राखाडी. बायकोने अनयचा फोटो बघितला. किटली उंच धरून चहा ओततोय, मान वाकडी, हसतोय. ती म्हणाली, "उशीर केलास गो." मग हार काढून ह्या फोटोला घातला आणि पूजाला चहा करून दिला.

पूजा घरी आली ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. मी म्हटलं, जेव. तर म्हणाली, "बाई, तुम्हाला काहीच वाटत नाय काय?"

म्हटलं, "नाही. भात गार होतोय."

खोटं नाही बोलले. अनय गेला तेव्हा बायका माझ्याकडे टक लावून बघायच्या, ही रडते कधी म्हणून. डॉक्टर म्हणाले, रडा. मी म्हटलं गोळी द्या, रडायचं नंतर बघू. ते राहूनच गेलं. घशाच्या खाली काही उतरत नाही आणि वर काही येत नाही. जेवण उतरतं तेवढं.

खणात आता एकच पाकीट आहे. ते मी कुणाकडे दिलेलं नाही.

— आई


पेण, १५ डिसेंबर २०२४

स्पृहा,

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मीच भांडून छापायला लावलेलं नाव तू नागपुरात मोबाईलवर वाचलंस. पूजा काळुराम म्हात्रे. हो. हितेशचीच बहीण.

तुझा मेसेज माझ्यापुढे आहे. 'त्या माणसाच्या बहिणीच्या गळ्यात माझा कॅमेरा? ३१ जानेवारीपर्यंत आला नाही तर मी येऊन घेऊन जाईन आणि त्या खोलीला कुलूप लावीन.' लाव. घर अनयच्या नावावर होतं, तेव्हा अर्धं तुझंच आहे.

आपण दोघी त्या सकाळबद्दल कधी बोललोच नाही. तू तिथेच होतीस, तरी मी माझ्याकडून लिहिते. पहाटे हितेशचा फोन आला. धाटावला कंत्राटावर होता तो, पहिल्या पाळीला. अनयने बातमीदारीत जोडलेल्या कितीतरी पोरांपैकी एक. म्हणाला, कंपनीत आग लागली, भोंगा वाजतोय, माणसं स्ट्रेचरवरून काढतायत, लवकर या. अनय चहा न घेता निघाला. मी चहा गाळत होते, तो तसाच ओट्यावर राहिला. तू जागी होतीस. 'जा' म्हणालीस की 'नको' म्हणालीस, ते मी विचारलं नाही, आताही विचारत नाही. वडखळच्या अलीकडे, जिथे रस्ता खणून ठेवला होता, तिथे ट्रेलर.

आग नव्हतीच. मॉक ड्रिल होतं. कंपनीने ठरवून केलेला सराव, खोटा धूर, स्ट्रेचरवर धडधाकट माणसं. कायम कामगारांना आधी सांगितलेलं, कंत्राटावरच्यांना कुणी सांगावं? दुसऱ्या दिवशी पेपरात एकाच पानावर दोन्ही आलं. वर 'आपत्कालीन सराव यशस्वी', खाली अनय.

बाराव्याला हितेश आला होता. तू त्याला फाटकातूनच परत पाठवलंस. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. तो खाली मान घालून उभा होता आणि तू काय बोललीस ते शेजाऱ्यांनी ऐकलं, मीही ऐकलं. मी तांदळातला खडा काढला.

जूनमध्ये पूजा आली. नाव सांगितलं. मी विचारलं, हितेश तुझा कोण? म्हणाली, "दादा. आता जाऊ का मी?" मी म्हटलं, चपला आत काढ, बाहेर कुत्री नेतात.

क्षमाबिमा काही नव्हती त्यात. मी काही संतीण नव्हे. मला काही वाटतच नव्हतं गं, हे तुला कसं सांगू. रागही नाही, कळवळाही नाही. तिने मोबाईलवर काढलेले फोटो दाखवले, ते चांगले होते. बस.

आता अडचण अशी की जितेशच्या पेपरात तिला फेब्रुवारीपासून बोलावलंय. तीन महिने उमेदवारी, मग पक्कं. अट एकच, कॅमेरा स्वतःचा हवा. मी म्हटलं होतं हाच घेऊन जा, स्पृहाला मी समजावते. मोठ्या तोंडाने म्हटलं होतं. कॅमेरा गेला तर तिची नोकरी गेली, मग धाटावला पॅकिंगला जाईल, तिच्या मैत्रिणी जातात तशी. ठरवायचं तुला आहे.

— आई


पेण, १९ जानेवारी २०२५

स्पृहा,

मागचं पत्र तुला पोचलं. 'माझं ठरलंय, पाठवा' असा तुझा मेसेज आला. त्या दिवशी मला चष्मा सापडत नव्हता. डोक्यावरच होता म्हणे. मी पूजाला म्हटलं, वाच गं काय लिहिलंय. तुझे मागचे सगळे मेसेजही वर दिसत होते. तिला काय माहीत कशाबद्दल ते. वाचत गेली, मग थांबली, मग उरलेलं पण वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं, शेवटपर्यंत. फोन माझ्या हातात दिला आणि भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर कॅमेरा. पुसून, बॅटऱ्या चार्ज करून, पट्टा गुंडाळून ठेवलेला. अंथरुणाची घडी. ती गावाला गेलेली. फोन केला तर म्हणाली, "राहू दे बाई. तुमच्या घरात भांडण नको माझ्यापायी."

बरं म्हटलं.

कुरियरवाल्याकडे गेले तर तो म्हणे कॅमेऱ्याचं बिल लागेल. बिल तुझ्याकडे. बॅग तशीच खांद्याला लावून मी स्टँडवर आले. घरी जायचं तर रिक्षा करायची, पण अलिबागची एसटी लागलेली होती, तीत चढून बसले. पर्समध्ये ते शेवटचं पाकीट होतं. सकाळी निघताना का घेतलं, विचारू नकोस. वर अनयचं अक्षर : हितेश म्हात्रे, धाटाव, पहिली पाळी.

आधी दोन पोरं येऊन गेली, त्यातल्या कुणालाच मी ते दिलं नव्हतं. पूजाला तर नाहीच.

वडखळला उतरले तेव्हा लक्षात आलं की ती ट्रेलरची जागा मागे गेली. तिथे आता रुंद रस्ता झालाय, ओळखूसुद्धा आली नाही. आत जायला टमटम केली.

पूजाची आई, पुतळी तिचं नाव, अंगणात सुकट उन्हात घालत होती. मला बघून धावपळ, खुर्ची, पाणी. मी पाकीट पुढे केलं, हितेशचा फोटो आहे म्हटलं. मोठा, एकट्याचा, चांगला छापलेला फोटो बघून ती हसून बोलून गेली, "बाई, हार घालायला आणलात काय जित्या माणसाला?" आणि मग जीभ चावली. कुणाच्या आईपुढे काय बोललो ते तिला कळलं. पदर तोंडाला लावून उभीच राहिली. मी म्हटलं, "असू दे गं. आहे कुठे तो?"

मिठागरात होता. कंपनी त्याने तेव्हाच सोडली, बापाबरोबर काम करतो. पूजा पुढे झाली, माझ्या खांद्यावरून बॅग काढून घेत म्हणाली, "द्या इकडं, बांधावरून पडाल." बांध अरुंद, दोन्ही बाजूंना पाणी. तिचा बाप काळुराम वाट दाखवत पुढे, मी मध्ये, ती मागे.

हितेश गुडघाभर चिखलात होता. मला ओळखलं आणि हातातलं फावडं खाली ठेवलं. केस पिकलेत त्याचे. अनयपेक्षा लहान तो.

मी फोटो दिला. त्याने हात बनियनला पुसले, मग घेतला. कंपनीच्या बसमधून उतरतोय, हेल्मेट काखेत, डबा हातात, कुणाकडे तरी बघून दात काढतोय. उन्हाला धरून बघितला. म्हणाला, "हा मी हाय?"

"हो. अनयने काढलेला. नेऊन द्यायचा राहिला होता."

"बाई, मी त्यांना खोटं नाय सांगितलं. भोंगा वाजत होता. माणसं काढत होते. आम्हाला कोणी बोललं नव्हतं."

"माहीत आहे मला."

एवढंच म्हणाले.  मग विचारलं, "तुझा फोन नंबर दे, पूजाचं काही असलं तर." तर काळुराम म्हणाला, "फोन नाय ठेवत तो. तवापासून नाय." हितेश फोटोकडे बघतच म्हणाला, "कोणाला करू?"

परत येताना पुतळीने डब्यात सुकट घालून दिली. मी खात नाही हे तिला ठाऊक असेल, पण घेतली. कॅमेऱ्याची बॅग तिथेच राहिली, हे मला वडखळला एसटीत बसल्यावर आठवलं. रागावू नकोस. वस्तू जागेवर आहे.

— आई


पेण, २६ जानेवारी २०२५

स्पृहा,

शाळेच्या झेंडावंदनाहून आले तर पूजा ओसरीवर बसलेली. एक बॅग खांद्याला, एक पाकीट हातात. वर माझंच नाव : वत्सलाबाई, पेण.

म्हणाली, "नियम हाय ना बाई. हातात द्यायचा."

त्या दिवशी बांधावर तिने फोटो काढला होता. मला पत्ताच नव्हता. शटरचा आवाज ऐकलेला आठवत नाही. म्हटलं, नाव विचारलं नाहीस मला. तर म्हणाली, "विचारलं. दोनदा विचारलं. तुम्ही सांगितलंत पण."

फोटोत हितेश आहे, मान खाली, दोन्ही हातांत स्वतःचा फोटो धरलेला. मागे काळुराम, मिठाच्या ढिगाकडे तोंड करून. आणि हितेशच्या शेजारी मी, पर्स पोटाशी धरून. माझं सगळं तोंड ओलं आहे.

मी आधी म्हटलं पाणी उडालं असेल, मिठागरात उडतंच. मग चष्मा पुसून बघितलं. मग पूजाला विचारलं, हे काय?

ती म्हणाली, "बाई, तुम्ही रडत होतात की. दादाने फोटो हातात घेतला तेव्हापासून. परत गाडीत बसेपर्यंत. आम्ही कोणी बोललो नाय."

स्पृहा, मला कळलंच नाही गं. तीन वर्षं लोक वाट बघत होते, मी वाट बघत होते, आणि झालं तेव्हा मी तिथे नव्हतेच जणू. फोटो बघून मला समजलं. मग आज दुपारी पूजा खाली जेवायला वाढत होती आणि मी वर खोलीत जाऊन दार लावून बसले, आणि या वेळी मला सगळं कळत होतं. मला अनयची फार आठवण येते. तो चहा मी थोडा आधी गाळला असता तर पोरगं चहाला थांबलं असतं, असलं वेड्यासारखं मनात येत राहिलं. तुझीही आठवण आली. त्या बाराव्या दिवशी फाटकात तू एकटी उभी राहून ओरडत होतीस. दोघींच्या वाटचं तू एकटीने केलंस आणि मी तांदूळ निवडत बसले.

आता कॅमेऱ्याचं. पूजा परवा नागपूरला निघते. कल्याणहून गाडी आहे, जितेशने तिकीट काढून दिलंय. कॅमेरा, बॅटऱ्या आणि या फोटोची तुझी प्रत ती तुझ्या हातात देईल. कॅमेरा तुझा. ठेवून घेतलास तर मी एक अक्षर बोलणार नाही, तीही बोलणार नाही, तिला तसं बजावून ठेवलंय. तिचं मुंबईला जाणं होणार नाही एवढंच. परत द्यावासा वाटला तर तिच्या गळ्यात घाल, मला पाठवू नकोस.

दार वाजलं की ती आधी तुझं नाव विचारेल. तिला माहीत आहे, तरी विचारेल. तू दारात येऊन नाव सांग. तिला फाटकातून परत पाठवू नकोस गं.

— आई